हीलर कोण होणार?

ऑनलाइन गेमचा विषय आपल्या घरांत निघाला की बोलणं दोनच वाटांनी जातं. एक, पोरं फोनमध्ये बुडाली. दोन, पैसे गेले. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांवर मौलवींपासून मास्तरांपर्यंत सगळे बोलत असतात. मला आज तिसऱ्याच गोष्टीबद्दल लिहायचं आहे. अनेकांनी मिळून खेळायच्या काही गेममध्ये शिरताना तुम्हाला पहिला प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे तू कोण होणार? तलवारबाज, तिरंदाज, जादूगार, की बाकीच्यांच्या जखमा भरणारा? आणि एकदा ठरलं की पुढचे कित्येक महिने त्याच क्लासची एकेक विद्या, एकेक पायरी चढत शिकायची. गेम खेळणारी पोरं या निवडीवर जेवढा विचार करतात, तेवढा आपण त्यांच्या दहावी-बारावीनंतरच्या निवडीवर करतो का, असा प्रश्न मला यंदा पडला. कारण आमच्या घरात सध्या नेमका तोच वाद चालू आहे. पण आधी गेम सांगतो, मग घर.

मी खेळलेल्या गेमचं नाव 'रॅग्नारोक ऑनलाइन'. कोरियाच्या 'ग्रॅव्हिटी' कंपनीने २००२मध्ये काढलेला, ली म्यांग-जिन यांच्या चित्रकथेवर आधारलेला. 'लेव्हल अप' नावाच्या कंपनीने २००४मध्ये तो भारतात आणला. तेव्हा मी शिकायला मुंबईत होतो. कुर्ल्यात एका खोलीत आम्ही पाचजण राहायचो, पाचही कोकणातले. मालवणला त्या काळात असला गेम खेळायचा विचारही शक्य नव्हता. फोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट, आणि लोडशेडिंगमुळे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. कुर्ल्याच्या सायबर कॅफेत मात्र रात्री दहानंतर दर उतरायचा. पाच खुर्च्या ओळीने मिळाल्या की आमची टोळी निघायची.

या गेममध्ये सगळे जन्माला येतात ते 'नोव्हिस' म्हणून, म्हणजे नवशिके. अंगावर साधे कपडे, हातात सुरी. दहा जॉब लेव्हल होईपर्यंत सगळे सारखेच. मग पहिली निवड येते. सहा क्लास : स्वोर्ड्समन, मेज, आर्चर, थीफ, मर्चंट आणि अ‍ॅकोलाइट. यांतला शेवटचा हा चर्चचा शिकाऊ सेवक. पुढे तो 'प्रीस्ट' होतो. त्याचं काम साथीदारांच्या जखमा भरणं, त्यांना दुवा देऊन बळ वाढवणं आणि मेलेल्यांना उठवणं.

आमच्या पाचांतल्या तिघांनी तलवार घेतली. चौथा थीफ झाला. त्याचं म्हणणं, चोराचे हात वेगाने चालतात. चौघंही पहिल्या आठवड्यात एकेका गुहेत जाऊन सपाटून मार खाऊन परत आले. मेल्यावर अनुभवाचे गुण कापले जातात, म्हणजे तासाभराची कमाई एका फटक्यात जाते. तेव्हा तळाशीलचा आमचा एक दोस्त, ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढली जाते, तो मला म्हणाला, "सगळेच होडीर चढले तर दोरी कोण ओढतलो?" मी तेव्हा नोव्हिसच होतो. दुसऱ्या दिवशी जाऊन अ‍ॅकोलाइट झालो.

त्यासाठी प्राँटेरा नावाच्या शहरातल्या चर्चमध्ये नाव नोंदवावं लागतं. मग दूर रानावनात राहणाऱ्या एका तपस्व्याला भेटून यावं लागतं. हे वाचून काही वाचकांच्या भुवया वर जातील, तशा तेव्हा आमच्या खोलीवरच्या एकाच्या गेल्या होत्या. मुसलमानाच्या पोराने पाद्री व्हायचं? सुट्टीत घरी आलो तेव्हा हा किस्सा अम्माला सांगितला. तिने गेम म्हणजे काय ते समजून घ्यायच्या भानगडीत न पडता एवढंच विचारलं, "लोकांका बरा करतंस मां? मग होऊ दे." माझ्या प्रीस्टच्या विद्यांची नावं 'ग्लोरिया', 'मॅग्निफिकॅट', 'क्यिरिए एलेइसन' अशी होती. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती मावशीला ती ऐकवली तर ती हसून म्हणाली, ही तर आमची प्रार्थना. ज्याला त्याची दुवा.

आता विद्यांचा हिशोब. गेम न खेळणाऱ्यांनी इथे थोडं सोसावं, कारण सगळी गंमत इथेच आहे.

पहिल्या क्लासमध्ये जॉब लेव्हल एकपासून पन्नासपर्यंत जाते. प्रत्येक पायरीला एक स्किल पॉईंट, म्हणजे एकूण ४९. अ‍ॅकोलाइटच्या विद्या मात्र डझनाहून जास्त, आणि त्यांतल्या मोठ्या विद्या दहा-दहा पॉईंट खातात. सगळं घेता येत नाही. शिवाय विद्यांचं झाड असतं. वरच्या फांदीवर जायला खालची फांदी चढावीच लागते. 'ब्लेसिंग' ही साथीदारांचं बळ वाढवणारी सगळ्यांना हवी असलेली विद्या. पण ती मिळवायची तर आधी 'डिव्हाइन प्रोटेक्शन'मध्ये पाच पॉईंट घालावे लागतात. तिचा उपयोग फक्त स्वतःला, तोही मुडदे आणि सैतान यांच्यासमोर, आणि तोही थोडाच. पोरं त्याला पाच पॉईंट पाण्यात गेले म्हणतात.

मी वहीत असा हिशोब मांडला होता : हील १०, डिव्हाइन प्रोटेक्शन ५, ब्लेसिंग १०, चपळाई वाढवणारी विद्या १०. झाले ३५. प्रीस्ट झाल्यावर साथीदाराभोवती कवच उभं करता यावं म्हणून 'अँजेलस'चे २. एका गावाहून दुसऱ्या गावी सगळ्यांना क्षणात नेणारं दार उघडायचं तर रुवाच १, टेलिपोर्ट २, वॉर्प पोर्टल ४. त्याला लागून १ पॉईंटात 'न्यूमा', जी लांबून येणारे बाण अडवते. झाले ४५. गुंगी-आंधळेपणा उतरवणारी 'क्युअर' १. उरले तीन. ते तीन कुठे घालायचे यावर आम्ही पाचजणांनी भांडुप ते कुर्ला लोकलमध्ये उभ्याने वाद घातला आहे.

कारण एकदा घातलेला पॉईंट परत निघत नव्हता. आताच्या गेममध्ये थोडे पैसे टाकले की सगळे पॉईंट मोकळे करून नव्याने वाटता येतात. तेव्हा तशी सोय नव्हती. पात्र पुसून पहिल्यापासून सुरुवात करायची, एवढाच मार्ग. त्यामुळे वही, पेन्सिल आणि खोडरबर हीच आमची खरी हत्यारं होती.

दुसरा फास घाईचा. चाळिसाव्या जॉब लेव्हललाच पुढच्या क्लासमध्ये जाता येतं. पन्नासपर्यंत थांबायची सक्ती नाही. चाळीसला गेलात तर लवकर प्रीस्ट होता, झगा मिळतो, रुबाब वाढतो. पण मागचे दहा पॉईंट कायमचे गेले. आणि चाळीस ते पन्नास या दहा पायऱ्या आधीच्या सगळ्यांहून रटाळ. तीच गुहा, तेच प्राणी, रोज रात्री. आमच्यातला थीफ चाळीसलाच पुढे गेला. त्याला कोणी नावं ठेवली नाहीत. ज्याला लवकर कमवायचं असतं त्याचं गणित वेगळं असतं. आपल्या किनाऱ्यावर दहावी-बारावी होताच बोटीवर किंवा आखातात गेलेली पोरं मी पाहिली आहेत. घरची चूल दहा पायऱ्या थांबत नाही. पण ते दहा पॉईंट पुढे आयुष्यभर कुठे ना कुठे कमी पडतात, हेही त्याच पोरांनी मला सांगितलं आहे.

तिसरी गोष्ट स्किलच्या बाहेरची. विद्या दहाव्या पायरीवर नेली म्हणजे झालं असं नाही. हीलने किती जखम भरणार हे तुमची लेव्हल आणि बुद्धी मिळून ठरतं. दोघांची बेरीज करायची, आठाने भागायची, वरची बाकी सोडून द्यायची. समजा लेव्हल ५० आणि बुद्धी ७०, तर बेरीज १२०, भागून १५. पहिल्या पायरीची हील त्याच्या बारा पट, म्हणजे १८०. दहाव्या पायरीची ८४ पट, म्हणजे १२६०. पण बुद्धी वाढवली नसेल तर दहाव्या पायरीची हीलही फिकी पडते. आणि बुद्धी जसजशी वाढते तसतसा तिचा पुढचा गुण महाग होत जातो. सुरुवातीला दोन पॉईंटात एक गुण, नव्वदच्या पुढे अकरा पॉईंटात एक. सर्टिफिकेट आणि अक्कल यांत फरक आहे, हे गेमने इतक्या स्वच्छ आकड्यांत दाखवलं होतं.

हीलरचं खरं दुखणं लेव्हल वाढवण्यात आहे. तलवारवाला प्राणी मारतो, त्याला अनुभवाचे गुण मिळतात. हीलर कोणाला मारत नाही, मग त्याला काय मिळणार? एकट्याने वाढायचं तर एकच युक्ती होती. मुडद्यांवर हील टाकली की ते बरे न होता जळतात. म्हणून गावोगावचे अ‍ॅकोलाइट पायॉनच्या गुहेत झोंबींना 'बरं' करत बसायचे. दवा हीच हत्यार. पण ती वाटही फार लांब जात नाही. पुढे टोळी लागतेच.

टोळीत सेटिंग असते. प्रत्येकाने आपापलं मारून घ्यायचं, किंवा सगळ्यांनी समान वाटून घ्यायचं. समान वाटणी चालू केली तरच हीलर वाढतो. आणि समान वाटणीला अट होती : टोळीतल्या सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या खेळाडूत दहापेक्षा जास्त लेव्हलचं अंतर नको. म्हणजे तलवारवाल्यांना पुढे पळून चालायचं नाही. मागे राहिलेल्याला सोबत घेऊनच चालावं लागायचं, नाहीतर वाटणी बंद.

तळाशीलच्या दोस्ताला हे समजावून सांगावं लागलं नाही. रापणीत होडी जाळं टाकत अर्धवर्तुळ घेते, आणि किनाऱ्यावर दोन टोकांच्या दोऱ्या माणसं ओढतात. पाण्याचा रंग बघून मासळी ओळखणारा एक, वल्ही मारणारे काही, बाकीचे दोरीला. मासळी किनाऱ्यावर आली की होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, हातांचे वाटे. दोरी ओढणाऱ्याने मासा प्रत्यक्ष पकडला का, असं कोणी विचारत नाही. पर्ससीनच्या यांत्रिक बोटींनी या रापणीचं काय केलं हा वेगळा आणि मोठा विषय आहे. इथे एवढंच, की वाटणीची पद्धत ठरली की कोण कोणतं काम करायला तयार होईल हेही ठरतं. ज्या टोळीत हीलरला वाटा नाही, तिथे हीलर कोणी होत नाही. मग टोळी हीलरच्या नावाने बोंबलत बसते.

या क्लासच्या कल्पनेचं मूळ बरंच जुनं आहे. १९७४मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-पेन्सिल आणि फाशांचा खेळ काढला. त्यात तीनच क्लास होते. लढणारा, जादू करणारा आणि धर्मसेवक, जो जखमा भरायचा. पुढच्या पन्नास वर्षांत कॉम्प्युटरवर आणि फोनवर जे हजारो गेम आले त्यांत क्लासची नावं बदलली, हे तीन खांब बहुतेक ठिकाणी तसेच राहिले. आणि जगभरच्या खेळाडूंची तक्रारही तीच राहिली : हीलर मिळत नाही.

'क्लास' या शब्दाशी आपलं एक जुनं नातं आहे, त्यावर न बोलता पुढे जाणं मला जमणार नाही. महाराष्ट्रातल्या मुसलमानांची आडनावं बघा. पिंजारी, आत्तार, तांबोळी, शिकलगार, मणेर, मुजावर, खतीब, काझी. कापूस पिंजणारा, अत्तर विकणारा, पान विकणारा, हत्याराला धार लावणारा, बांगड्या भरणारा, दर्ग्याची सेवा करणारा, खुतबा देणारा, निवाडा करणारा. आमच्या किनाऱ्यावरचे दालदी मासेमारी करणारे. म्हणजे क्लास जन्माबरोबरच लागून येतो, नोव्हिसच्या दहा लेव्हलसुद्धा वाट्याला येत नाहीत. मशिदीत एका सफेत उभे राहणारे लोक सोयरीक जुळवताना कोण कुठला, हे हळूच विचारून घेतात. शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली आणि तिच्या मंचावर दिलीपकुमार येऊन उभे राहिले, ते यासाठीच. कागदावर धंदा नोंदवला तर सवलत मिळेल, सवलत मिळाली तर पोराला धंदा बदलता येईल.

म्हणून कुर्ल्याच्या त्या कॅफेत सहा क्लासची यादी समोर आल्यावर जी मोकळीक वाटायची ती फक्त खेळाची नव्हती. तिथे गाबीताचा पोर तलवारबाज होता, आत्ताराचा पोर चोर होता, मुसलमान पाद्री होता. आडनावाची चौकट फॉर्मवर नव्हतीच. प्रश्न एकच होता, टोळीत काय कमी आहे?

आता घराकडे येतो.

माझी भाची, आपाची थोरली, यंदा बारावी सायन्सला आहे. मालवणातच वाढली. ती आणि तिचे मामेभाऊ-चुलतभाऊ फोनवर 'पोकेमॉन युनाइट' खेळतात. पाच विरुद्ध पाच, दहा मिनिटांचा डाव. इथेही क्लासच आहेत. अटॅकर, डिफेंडर, स्पीडस्टर, ऑलराउंडर आणि सपोर्टर. पोरगी सपोर्टर घेते. तिचं पात्र 'ब्लिसी', गुलाबी, गोलमटोल, पोटाशी अंडं. डावात लेव्हल वाढते तशी दोन-दोन विद्यांतून एक निवडावी लागते. अंडं बॉम्बसारखं फेकायचं, की तेच अंडं साथीदाराला देऊन त्याची जखम भरायची? ती जवळजवळ नेहमी दुसरं निवडते. भाऊ म्हणतात, हिला मारता येत नाही म्हणून. मी तिच्या शेजारी बसून पाहिलं आहे. तिला मारता येतं. पण तिची नजर वेगळी असते. बाकीचे समोरच्या शत्रूकडे बघतात, आणि ही चार साथीदारांच्या डोक्यावरच्या पट्ट्यांकडे. कोणाची पट्टी किती उतरली, आता कोण पडेल. हीलर झालेल्या प्रत्येकाला ही नजर लागते. मलाही रॅग्नारोकने लावली. चार माणसांच्या घोळक्यात गेलो की आजही आधी दिसतं ते कोण दमलंय.

या पोरीने नोव्हेंबरात जाहीर केलं की तिला बी.एस्सी. नर्सिंग करायचं आहे.

आपा गप्प राहिली. दुल्हेभाई कुवेतला असतात. त्यांनी व्हिडिओ कॉलवर स्पष्ट सांगितलं, "रातची ड्युटी असता तेची. परक्या माणसांचा सगळा करुचा लागता. आमच्यात कोण करता?" फार्मसी कर, बी.एड. कर, घरातल्या घरात ब्यूटी पार्लर काढ, हे सगळं चालेल. डॉक्टर झालीस तर गावजेवण घालू. नर्स नको. हे फक्त आमच्या घरातलं बोलणं नाही, हे वाचणाऱ्या अनेकांच्या घरात हेच शब्द असेच्या असे बोलले गेले असतील.

ज्या जिल्ह्यात आम्ही राहतो तिथे हे बोलणं मला विशेष टोचतं. सिंधुदुर्गात 'बांबोळीक नेल्यानी' या दोन शब्दांचा अर्थ सगळ्यांना कळतो. माणूस गंभीर आहे, इथे होण्यासारखं नाही, गोव्याच्या मेडिकल कॉलेजला नेलंय. मालवणहून कुडाळ, सावंतवाडी, बांदा, मग हद्द ओलांडून म्हापसा, पणजी, बांबोळी. शंभराहून जास्त किलोमीटर. अब्बांना छातीत दुखू लागलं तेव्हा मी तो रस्ता रुग्णवाहिकेत मागे बसून मोजला आहे. सोबत जी नर्स होती ती पूर्ण वाट एका हाताने दांडा धरून उभी होती आणि तिची नजर अब्बांच्या चेहऱ्यावरून हलली नव्हती. आता जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालयं आली आहेत. इमारती उभ्या राहतील, मशिनं येतील. त्या खाटांशेजारी रात्री तीन वाजता उभं कोण राहणार? आमच्या टोळीत काय कमी आहे हे शोधायला सर्व्हे नको. कुठल्याही घरात जाऊन बांबोळीची आठवण विचारा.

दुल्हेभाईंशी मी वाद घातला नाही, गोष्टी सांगितल्या. पहिली त्यांचीच. तीन वर्षांपूर्वी कुवेतला त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा चार दिवस त्यांची सगळी देखभाल केरळच्या एका नर्सने केली होती. ते स्वतःच घरी सांगत होते, किती मायेने बोलायची. तीही कोणाची तरी पोरगी. तिच्या बापाने जर 'आमच्यात कोण करता' म्हटलं असतं तर?

दुसरी गोष्ट जुनी. रुफैदा अल-अस्लमिया या मदीनेच्या अन्सारी बाई. खंदकाच्या लढाईत साद बिन मुआज यांना बाण लागला, तेव्हा रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी त्यांना याच रुफैदांच्या तंबूत ठेवायला सांगितलं. आणि तो तंबू होता मस्जिदे नबवीच्या आवारात. परक्या माणसाची जखम एका बाईने बांधली, ती मशिदीत बांधली, आणि हुकूम कोणाचा होता ते बघा. 'आमच्यात कोण करता' या प्रश्नाला चौदाशे वर्षांपूर्वीचं उत्तर आहे.

तिसरी गोष्ट हिशोबाची, कारण दुल्हेभाई हिशोबाचे माणूस आहेत. नर्सिंगचंही झाड आहे. दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम, चार वर्षांचं बी.एस्सी. जीएनएम करून पुढे पोस्ट बेसिक करत बी.एस्सी.च्या फांदीवर जाता येतं, तिथून एम.एस्सी. बी.एस्सी.ला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतं. ते पॉईंट पोरीने दोन वर्षांपूर्वीच घातले आहेत, दहावीनंतर सायन्स घेतलं तेव्हा. आता फार्मसी किंवा बी.एड. चुकीचं आहे असं नाही. पण ज्या फांदीसाठी ती खालून चढत आली ती समोर असताना तिला उतरवून दुसऱ्या झाडावर का चढवायचं? आणि आयुष्यात पात्र पुसून पहिल्यापासून सुरुवात करता येत नाही.

पोरीच्या भावांनाही एक गोष्ट सांगितली, कारण वाटणीचा प्रश्न तिथेही आहे. ती नर्स झाली तर पहिला पगार येईपर्यंत सगळे कौतुक करतील. मग ती रात्रपाळी करून सकाळी घरी येईल तेव्हा चहा कोण ठेवणार? आपल्या घरांत कमावणाऱ्या बाईला समान वाटणीचं सेटिंग कोणी चालू करून देत नाही. ती बाहेर हीलर आणि घरातही हीलर. म्हणून तुम्ही आत्तापासून दहा लेव्हलच्या आत या, निदान चहा आणि डाळभात शिका, असं मी त्यांना म्हटलं. ते हसले. थोरल्याने मात्र दुसऱ्या दिवशी चहा केला. साखर जास्त होती, पण केला.

गेमने मला आयुष्य शिकवलं असलं काही मी म्हणणार नाही. रात्रीचे कित्येक तास त्याने खाल्ले, तेही खरं. काही वर्षांत भारतातला तो सर्व्हर बंद झाला आणि ४९ पॉईंटांचा माझा प्रीस्ट त्याच्याबरोबर गेला. राहिली ती वहीची सवय. कुठलीही निवड समोर आली की मी तीन रकाने आखतो. माझ्याकडे पॉईंट किती, वरच्या फांदीसाठी खालचं काय लागतं, आणि माझ्या टोळीत काय कमी आहे. आपल्याकडे पोरांना पहिला रकानाही नीट दाखवला जात नाही, आणि तिसरा तर कोणी आखतच नाही. शेजाऱ्याच्या पोराने जे घेतलं तेच घ्यायचं, म्हणजे सगळेच तलवारवाले, आणि मग गुहेच्या तोंडाशी एकमेकांची मयत मोजत बसायचं.

भाचीने सीईटीचा फॉर्म भरला आहे. फी आपाने आपल्या भिशीतून दिली, नवऱ्याला न विचारता, आणि मग त्यांना सांगितलंही. कॉलवर बराच वेळ कोणी बोललं नाही. दुल्हेभाईंनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. गेल्या जुम्म्याला नमाजनंतर त्यांचा मला एकट्याला फोन आला. हवापाण्याचं बोलणं झालं, बांगडा किती रुपयांना मिळतो ते विचारून झालं, आणि शेवटी सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "त्या कॉलेजाचा हॉस्टेल खंय आसा?"